समुद्रातील परके जीव आणि आपली तळी

(संघाच्या वार्षिक मेळाव्यात, भूम येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संघाच्या कार्यकारी मंडळाने या वर्षी आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय निवडण्याची मोकळीकही दिली. आम्ही निवडलेला विषय ऐकून काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू उमटले. परदेशातून आपल्या समुद्रात, खाडीत आणि खारकच्छांत येऊन राहिलेल्या परक्या जीवांविषयी आम्ही बोलणार आहोत. ज्या भूमला समुद्राचे दर्शन सहलीला गेल्याखेरीज घडत नाही, जेथे वैशाखात पिण्याच्या पाण्याची पंचाईत, तेथे हा समुद्रपुराणाचा घाट कशाला, असा प्रश्न कोणी केल्यास तो वावगा म्हणता येणार नाही.

या प्रश्नाचे उत्तर दोन प्रकारचे आहे. पहिले उत्तर भूगोलाचे. आपल्या बाणगंगेचे पाणी सीनेला मिळते, सीनेचे भीमेला, भीमेचे कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला जाऊन भेटते. तेव्हा बालाघाटाच्या उतारावर पडलेला पावसाचा थेंबही अखेर समुद्राचाच आहे. दुसरे उत्तर आपल्या धंद्याचे. आपला भोई समाज पूर्वी पालखी खांद्यावर वाहणारा आणि पाण्यात जाळे टाकणारा. पालख्या गेल्या, जाळे राहिले. आजही आपल्यातील कित्येक कुटुंबांची चूल तलावाच्या ठेक्यावर पेटते. समुद्रावरील कोळी बांधवांवर जे संकट आले, त्याच जातीचे संकट आपल्या तळ्यांतही शिरले आहे. मात्र समुद्रावर ते मोठ्या आकारात दिसते म्हणून चटकन समजते. शाळेत लहान अक्षर मुलांना दिसेना, म्हणजे आम्ही ते फळ्यावर मोठे काढून दाखवीत असू. आज समुद्राचा फळा करावा, असा आमचा विचार आहे.

प्रथम 'परका जीव' म्हणजे काय, ते आपल्या शेतातील उदाहरणाने पाहू. गाजर गवत आपल्यापैकी प्रत्येकाने उपटले आहे. हे गवत मूळचे अमेरिका खंडातील. आपल्या देशात त्याचा उपद्रव प्रथम पुण्याच्या परिसरात 1955-56 च्या सुमारास ध्यानात आला, आणि बाहेरून आलेल्या धान्याबरोबर त्याचे बी आले असावे, असे मानले जाते. कोणी मुद्दाम पेरले नाही, कोणी वैर साधले नाही. तरी आज बांध, रस्ते, शाळांची मैदाने त्याने भरली आहेत. त्याच्या मूळ देशी त्याला खाणारे किडे आहेत, त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्या वनस्पती आहेत. येथे त्याला ना शत्रू, ना प्रतिस्पर्धी. म्हणून ते बेसुमार माजले. पाण्यातील परक्या जीवाची कथा हीच आहे. फरक इतकाच की, जमिनीवरचे गवत डोळ्यांना दिसते, पाण्याखालचा जीव दिसत नाही. आणि दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. बाहेरून आलेला प्रत्येक जीव उपद्रवी नसतो. बहुतेक तर नव्या पाण्यात तग न धरता मरून जातात. काही राहतात, पण कोणाच्या अध्यात ना मध्यात. थोडेच असे असतात की जे मूळच्या रहिवाशांचे अन्न, जागा व पिल्ले बळकावतात. परंतु ते थोडे कोणते, हे आधी सांगणे भल्याभल्या शास्त्रज्ञांना कठीण जाते. सर्व अडचणीचे मूळ येथे आहे.

आता हे जीव सातासमुद्रांपलीकडून येतात तरी कसे? मालाने भरलेले जहाज पाण्यात खोल बसते व स्थिर राहते. माल उतरवला की ते हलके होते आणि लाटांवर डोलू लागते. म्हणून रिकाम्या जहाजाच्या पोटातील टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात. बैलगाडीचे जू उलार होऊ नये म्हणून आपण पुढच्या अंगाला वजन ठेवतो, त्यातलाच हा प्रकार. मोठ्या जहाजात असे हजारो टन पाणी मावते. एका बंदरात ते भरायचे, आणि दुसऱ्या बंदरात माल चढवताना ओतून द्यायचे. त्या पाण्याबरोबर माशांची अंडी, शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले, शेवाळाचे बी आणि रोगजंतू, हे सर्व विनातिकीट प्रवासी हजारो मैल दूरच्या किनाऱ्यावर उतरतात. याखेरीज जहाजाच्या बुडाला चिकटून येणारे निराळे. शिवाय माणसाने मुद्दाम आणलेले, शोभेच्या काचपेटीतून सोडून दिलेले, आणि नवीन वाटा खोदल्यामुळे आपोआप आलेलेही आहेत. 1869 साली सुवेझचा कालवा खुला झाला, तो माणसांच्या सोयीसाठी; परंतु त्या वाटेने तांबड्या समुद्रातील शेकडो जातींचे जीव भूमध्य समुद्रात जाऊन राहिले आहेत.

आपल्या देशातील एक जुने उदाहरण घेऊ. अमेरिका खंडाच्या उष्ण किनाऱ्यांकडील एक चिमुकला, काळसर पट्ट्यांचा शिंपला आहे. आकाराने बोटाच्या पेराएवढा. 1967 साली तो विशाखापट्टणमच्या बंदरात आढळला, आणि 1975 च्या सुमारास मुंबईच्या गोदीतही त्याची नोंद झाली. जहाजांबरोबर तो आला, हे उघड आहे. जन्मल्यावर थोड्याच आठवड्यांत तो प्रजननक्षम होतो, खारे पाणी असो वा निमखारे, त्याला चालते, आणि खांब, दोर, नौकांची बुडे यांवर तो एकावर एक असे थर चढवतो. बंदरात एकदा त्याने घर केले, ते पुढे मोडता आले नाही.

हाच शिंपला 1999 च्या मार्च महिन्यात ऑस्ट्रेलियातील डार्विन येथील नौकातळांत सापडला. तेथील पाणबुडे त्या जागा मधूनमधून तपासत असत. काही महिन्यांपूर्वीच्या तपासणीत तो तेथे नव्हता. म्हणजे चोर नुकताच घरात शिरला होता, आणि त्याच वेळी घरधनी जागा झाला. त्या नौकातळांना समुद्राकडून बंद करता येणारे दरवाजे होते. सरकारने ते बंद केले, तेथून बाहेर गेलेल्या नौकांचा माग काढला, पाण्यात क्लोरीन व मोरचूद यांची मात्रा दिली, आणि काही आठवड्यांत तो शिंपला समूळ नाहीसा केला. या उपायात आतील इतर जीवही मेले, हे खरे. परंतु बाहेरचा किनारा वाचला. समुद्रात शिरलेला परका जीव पुरता हुसकून लावल्याची अशी उदाहरणे जगात फार थोडी आहेत. शिंपला एकच. एका ठिकाणी तो कायमचा राहिला, दुसऱ्या ठिकाणाहून गेला. तो वेळीच दिसला आणि पाणी बंदिस्त होते, या दोन गोष्टींनी हा फरक घडवला. या दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, अशी विनंती आहे. पुढे त्यांच्याशी आपले काम आहे.

आता केरळकडे वळू. कोल्लम शहराजवळ अष्टमुडी नावाचे मोठे खारकच्छ आहे. खारकच्छ म्हणजे समुद्राला जोडलेले, अर्धे गोडे, अर्धे खारे असे उथळ पाणी. तेथे पाण्यात बुडी मारून पिवळसर शिंपले काढणे हा हजारो लोकांचा धंदा. हा धंदा इतक्या शिस्तीने चालत असे की, टिकाऊ मासेमारीचे जागतिक प्रमाणपत्र भारतात सर्वांत प्रथम त्यालाच 2014 साली मिळाले. परंतु 2018-19 च्या सुमारास तेथे दक्षिण अमेरिकेकडील एक परका कालव-शिंपला प्रचंड संख्येने वाढल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. 2017 साली ओखी वादळ झाले. त्या सुमारास तो आत पसरला असावा, असा तर्क केला गेला. खांब, दोर, जाळी, तळ, जेथे जागा मिळेल तेथे त्याने गालिचे अंथरले. तेथे पूर्वी मिळणारी हिरवी शिनाणी त्याच्यामुळे मागे हटली, आणि ज्या तळावर पिवळे शिंपले मिळायचे, तेथे या परक्याने बस्तान मांडले. तमिळनाडूत एन्नोरच्या खाडीत आणि पुलिकतच्या सरोवरातही हाच जीव गेला असून, तेथील मच्छीमारांनी कोळंबीचा तळ हरवल्याची तक्रार न्यायासनापर्यंत नेली.

मंडळी, ज्या माणसाने शिस्त पाळली, लहान शिंपले सोडून दिले, मोसमात धंदा बंद ठेवला, त्याच्या घासावर हे संकट आले. हे जहाज त्याचे नव्हते, पाणी त्याने ओतले नव्हते. नुकसान मात्र त्याच्या पदरात पडले. पाण्यात एकाने सोडावे व दुसऱ्याने भोगावे, हा या विषयातील मोठा अन्याय होय.

परंतु याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे कथन एकांगी होईल. ज्या हिरव्या शिनाण्यांना अष्टमुडीत हटावे लागले, त्यांचे भाऊबंद जहाजांबरोबर अमेरिकेकडे गेले. 1990 साली ती त्रिनिदाद बेटावर दिसली, आणि 1999 साली फ्लोरिडातील टांपा उपसागरात. तेथे त्यांनी वीजकेंद्रांच्या नळांत जाऊन दाटी केली. रत्नागिरीकडे ज्या शिनाण्यांचे कालवण आवडीने खातात, त्यांना तिकडील लोक उपद्रवी पाहुणे म्हणून शिव्या देतात. म्हणजे त्यांच्याकडचा शिंपला आपल्याकडे खलनायक, आणि आपल्याकडचा त्यांच्याकडे. दोष शिंपल्यात नाही. ज्या पाण्यात निसर्गाने त्याला ठेवले, तेथे तो गुणी आहे. त्याला उचलून भलत्या पाण्यात टाकणारा हात माणसाचा आहे.

आणखी एकच परदेशी दाखला देऊन आम्ही घरी परत येऊ. काळ्या समुद्रात 1980 नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरील एक पारदर्शक, मऊ जीव जहाजाच्या पाण्यातून आला. तो माशांची अंडी, पिल्ले आणि त्यांचे सूक्ष्म अन्न खात सुटला. दशकाच्या अखेरीस तो इतका वाढला की, तेथील अँकोव्ही नामक लहान माशांची मासेमारी कोसळली. आधीच बेसुमार मासे पकडले गेल्यामुळे समुद्र दुबळा झाला होता, हेही कारण शास्त्रज्ञ सांगतात. आजारी देहाला रोग लवकर लागतो, तसेच ते झाले. पुढे 1997 च्या सुमारास या जीवाला खाणारा दुसरा जीव तेथे आला, तेव्हा कोठे त्याचा जोर ओसरला. परंतु दुसरा चोर येऊन पहिल्याला पळवील, या भरवशावर कोणी घराला कुलूप लावायचे सोडत नाही.

या सर्व अनुभवातून जग काही शिकले. जहाजांतील पाण्याविषयी 2004 साली लंडनमध्ये एक आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि तो 8 सप्टेंबर 2017 पासून अमलात आला. त्या करारानुसार जहाजांनी पोटातील पाणी जीवमुक्त करूनच सोडावयाचे आहे. त्यापूर्वी, 2000 ते 2004 या काळात, जगातील 6 विकसनशील देशांत जे प्रायोगिक काम झाले, त्यांत भारत होता व त्यासाठी मुंबई बंदराची निवड झाली होती. आपल्या बंदरात कोणकोणते जीव आहेत, याची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. घरात काय काय आहे याची यादी असेल, तरच नवीन वस्तू आली की ती ओळखू येते. हे शहाणपण साधे आहे, पण त्याविना सर्व व्यर्थ आहे.

आता आपल्या तळ्याकडे या.

जहाजाच्या पोटातील पाणी आणि आपल्या टेम्पोतील पिंपाचे पाणी, यांत फरक कोणता? आम्हांस तर आकाराखेरीज काही दिसत नाही. भाद्रपदाच्या सुमारास आपण मत्स्यबीज आणतो. प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून किंवा पिंपांतून बोटुकली येते. व्यापारी सांगतो, रोहू आहे, कटला आहे, मृगल आहे. बोटाएवढ्या त्या पिल्लांत दहा इतर जातींची असली, तर ती कोण पाहतो? पिंप तलावात उपडे केले की आपले काम झाले. पुढच्या उन्हाळ्यात जाळे ओढावे, तो कटला थोडा, आणि तळहाताएवढी चिलापी ढीगभर. आपल्या तालुक्यातील एका तलावावर हा प्रकार आम्ही लागोपाठ दोन वर्षे पाहिला. ठेक्याची रक्कम भरायची ती मोठ्या माशाच्या हिशेबाने, आणि विकायचा तो लहान मासा. संस्थेच्या वहीत तोटा दिसतो. कारण मात्र वहीत लिहिलेले नसते.

चिलापी ही मूळची आफ्रिकेची. आपल्या देशात ती 1952 साली आणली, ती सद्हेतूने. गरिबाला स्वस्त मासा मिळावा म्हणून. मादी अंडी तोंडात धरून जपते, त्यामुळे पिल्ले फार वाचतात. रोहू-कटला वर्षातून एकदा, पावसाळ्यात, वाहत्या पाण्यात अंडी घालतात. चिलापी साठलेल्या तळ्यात वर्षातून अनेक वेळा वीण घालते आणि दोन-तीन महिन्यांची झाली की पुढची पिढी सुरू करते. दाटी झाली की तिची वाढ खुंटते. या कारणांनी 1959 सालीच तिचा प्रसार करू नये असा निर्णय देशाच्या मत्स्य संशोधन समितीने घेतला. परंतु तोपर्यंत ती पाण्यात गेली होती. निर्णय कागदावर, चिलापी तलावात. पुढे 1980 साली भीमेवर उजनीचे धरण पुरे झाले, आणि आज त्या जलाशयातील मासळी म्हणजे प्रामुख्याने चिलापी, हे भिगवणचा बाजार पाहिलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.

दुसरा आहे थाई मांगूर. नाव थाई, मूळ आफ्रिकेचे. हा मांसाहारी, अतिशय खादाड, हवेत श्वास घेणारा, आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्यात जाऊ शकणारा. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. राष्ट्रीय हरित लवादानेही ती कडकपणे पाळण्यास बजावले, आणि आपल्या राज्यात ठिकठिकाणी त्याची तळी नष्ट करण्यात आली. तरी चोरून तो पाळला जातो, कारण तो थोड्या दिवसांत वजन धरतो. आपला देशी मागूर वेगळा, त्याची यात गफलत करू नये. तिसरा तो अंगावर चिलखत असलेला सकर मासा. हा दक्षिण अमेरिकेचा. घरच्या काचपेटीत शेवाळ खातो म्हणून लोक आणतात, मोठा झाला की नदीत सोडून देतात. आज तो देशातील अनेक नद्या-जलाशयांतून सापडतो. खाण्यास कोणी घेत नाही, आणि त्याच्या काट्यांनी जाळे मात्र फाटते. जाळे विणायला किती रात्री लागतात, हे या सभेतील भगिनींना आम्ही काय सांगावे!

येथे दोन आक्षेप निघतील, ते आम्हीच मांडतो.

पहिला आक्षेप असा की, गुरुजी, रोहू, कटला आणि मृगल हे तरी आपले कोठे? ते गंगेच्या खोऱ्यातले. आक्षेप बरोबर आहे. तेही आणलेलेच आहेत, आणि सायप्रिनस, गवत्या, चंदेरी हे तर परदेशातून आले. परंतु रोहू-कटला तळ्याच्या साठलेल्या पाण्यात सहसा वाढवंश करीत नाहीत, म्हणून त्यांची संख्या आपण सोडलेल्या बीजाएवढीच राहते. लगाम आपल्या हातात असतो. सायप्रिनस मात्र तळ्यातही वीण घालतो, तेव्हा त्याबाबत जपूनच असावे. परका की आपला, एवढ्या एका प्रश्नाने निकाल लागत नाही. लगाम आपल्या हातात राहणार की नाही, हा प्रश्न बीज सोडण्यापूर्वी विचारला पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. बाजारात मासळी विकणाऱ्या एका वृद्ध भगिनीने तो आमच्यापुढे ठेवला. त्या म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही चिलापीला नावं ठेवता, पण मोठा मासा घेणारं गिऱ्हाईक आमच्या पाटीपाशी थांबत नाही. चिलापी आहे म्हणून माझी सून दोन वेळ स्वयंपाक करते." याला आमच्याजवळ उर्मट उत्तर नाही. उजनीच्या काठची शेकडो कुटुंबे चिलापीवर जगतात. तिला शिव्या देऊन ती जाणार नाही, आणि गेली तर त्या कुटुंबांनी काय खावे, हे सांगण्याची जबाबदारी शिव्या देणाऱ्यावर येईल. 2009 साली सरकारनेही नियम घालून, परवाना देऊन, बंदिस्त तळ्यात तिचे संवर्धन करण्यास वाट करून दिली. तेव्हा जेथे ती आहे, तेथे ती भरपूर पकडावी, विकावी, खावी. परंतु ज्या तलावात ती अद्याप गेलेली नाही, तेथे ती नेण्याचे पाप आपल्या हातून होऊ नये. आपल्या वाडवडिलांच्या जाळ्यात येणारे मरळ, वाम, शिंगटी हे मासे आता क्वचित दिसतात. त्यांच्या जाण्याला धरणे, वाळूउपसा, रसायने अशी अनेक कारणे आहेत. परक्या माशाने त्यात आपला वाटा उचलला, हे नाकारता येत नाही.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगणे आम्ही कर्तव्य समजतो. 'परका' हा शब्द माशापुरता ठेवावा. पोटासाठी एका जिल्ह्यातून दुसऱ्यात जाणारा माणूस मासा नव्हे. आपला समाजच तलावामागून तलाव फिरत आला आहे. माशाच्या उदाहरणावरून माणसाविषयी द्वेष शिकवणारा कोणी भेटला, तर त्याला आम्ही हा विषय समजला नाही असेच म्हणू.

आता उपाय. डार्विनच्या गोष्टीतील दोन मुद्दे ध्यानात ठेवण्यास आम्ही सांगितले होते: वेळीच दिसणे, आणि बंदिस्त पाणी. समुद्र बंदिस्त नाही व तो कधी आटतही नाही. म्हणून समुद्रात शिरलेला परका जीव कायमचा झाला. आपल्या तळ्यांचे तसे नाही. आपला प्रदेश अवर्षणाचा. 1972 चा दुष्काळ आपल्यातील वृद्धांनी भोगला. 2016 च्या उन्हाळ्यात मराठवाड्यातील किती तलाव तळाला गेले, ते तरुणांनीही पाहिले. तलाव कोरडा पडतो, भेगाळतो, तेव्हा आपण कपाळाला हात लावतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या कोरड्या तळाने एक पाटी पुसून कोरी करून दिलेली असते. चिलापी गेली, सकर गेला. मग पुढच्या पावसानंतर ती पुन्हा येते कोठून? काही वरच्या शेततळ्यांच्या सांडव्यातून. आणि बरीचशी आपल्याच पिंपातून. निसर्ग समुद्राला जी संधी देत नाही, ती तो आपल्याला दुष्काळाच्या रूपाने देतो, आणि आपण ती एका पिंपासरशी घालवतो. आमच्या आजच्या बोलण्याचे सार एवढ्यात आले.

यासाठी खर्चाचे नसलेले काही नियम आम्ही संघापुढे ठेवतो. मत्स्यबीज सरकारी अथवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे, आणि सोडण्यापूर्वी पांढऱ्या परातीत किंवा घमेल्यात थोडे थोडे काढून दोन जाणत्या माणसांनी पाहावे. बीजाबरोबर आलेले पिंपातील पाणी तलावात ओतू नये. बोटुकली जाळीने वेगळी करून सोडावी, व ते पाणी दूर रानात टाकावे. एका तलावावरचे जाळे व तराफा दुसऱ्या तलावावर नेण्यापूर्वी कडक उन्हात पुरते वाळवावे. ऊन आपल्याकडे फुकट आहे. थाई मांगूर कोणत्याही आमिषाने पाळू नये. शेततळ्यात मासे सोडणाऱ्या शेतकरी बंधूंना सांडव्यावर बारीक जाळी बसवण्यास सांगावे. घरच्या काचपेटीतील मासा कंटाळा आला म्हणून विहिरीत वा नदीत सोडणे ही भूतदया नाही, हे मुलांना शिकवावे.

शेवटचा नियम आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक संस्थेने एक वही ठेवावी. तलावात कोणकोणते मासे आहेत, त्यांची नावे तीत लिहावीत. आणि जाळ्यात अनोळखी मासा आला, तर तो परत पाण्यात न टाकता, बर्फात ठेवून मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात दाखवावा, तारीख व तलावाचे नाव वहीत नोंदवावे. शास्त्रज्ञ वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. आपण रोज पाण्यावर असतो. मासा हातात घेताच तो नेहमीचा नाही हे ज्याला कळते, असा डोळा आपल्याला वाडवडिलांकडून मिळाला आहे. हा डोळा कोणत्याही प्रयोगशाळेत विकत मिळत नाही. मात्र तो डोळा आणि वही एकत्र आली पाहिजे. आपल्या मुली आता शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत; ही वही त्यांच्या हाती द्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

आपल्यातील काही तरुण मांगूरच्या झटपट नफ्याकडे आकृष्ट झाले आहेत, हे आमच्या कानावर आहे. त्यांची अडचण आम्ही जाणतो. नोकरी नाही, शेत नाही, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला आहे. त्यांना आम्ही गुन्हेगार म्हणून हिणवणार नाही. त्यांना इतकेच विचारतो की, तळ्यातून निसटलेला एक मांगूर ज्या तलावात जाईल, तो तलाव कोणाचा? त्यावर ठेका कोणाचा? तो आपल्याच चुलत्याचा, आपल्याच मावसभावाचा असेल. अष्टमुडीच्या मच्छीमाराला जहाजाचा मालक ठाऊक नव्हता. आपल्या बाबतीत सोडणारा आणि भोगणारा, दोघेही याच मांडवात बसलेले असतील. संघाने अशा तरुणांना चांगले बीज व सरकारी योजनांची माहिती मिळवून देण्याचे काम अंगावर घ्यावे. केवळ मनाईने पोट भरत नाही.

कार्यकारी मंडळाने वरील नियमांचा ठराव आजच्या सभेपुढे मांडावा, अशी आमची सूचना आहे. ठराव करणे सोपे, पाळणे कठीण. तथापि येत्या भाद्रपदात पहिले पिंप उतरेल, तेव्हा त्याच्याजवळ परात घेऊन दोन माणसे उभी असली, तरी आमच्या बोलण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.